विठामावशीच्या पेटीतला कोट

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. बारा तारखेला मुलाखत, हैदराबादला. इचोड्याजवळ नवी निवासी शाळा निघते आहे, तिथे मराठीचा विभागप्रमुख. शेवटी ठळक अक्षरांत – औपचारिक पोशाख अनिवार्य. म्हणजे कोट. माझ्या मराठीला कोटाशिवाय आत सोडणार नाहीत!

आमच्या शाळेतला मराठी वर्ग येत्या जूनपासून बंद. ही नवी नोकरी हुकली तर दुसरी दिसत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अर्ज करत फिरणारा मास्तर – दुसरा कोणी असता तर साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात मी त्याला सोलून काढला असता.

४ मार्च

लग्नातला सूट काढला. बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर. शुभांगी हसली नाही. बायको हसायची थांबली की प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

६ मार्च, गुरुवार

बाजार पालथा घातला. भाड्याने मिळतात ते सगळे नवरदेवाचे. छातीवर जरीचा मोर! दुकानदार – ‘सर, पहनके तो देखो, पूरा कलेक्टर!’ रेडिमेडमध्ये पोट मावलं तर खांदे लोंबतात, खांदे बसले तर पोट बाहेर. शिंपी म्हणतो लग्नसराई आहे, एप्रिलपर्यंत नवीन काम घेत नाही.

घरी आलो तर शुभांगी – ‘वस्तीतला कोट हाये ना. काऊन जात नाही तुमी विठामावशीकडे?’

काऊन ते तिला पक्कं माहीत आहे.

७ मार्च

इथे तरी लिहितो. हे पान कोणी छापणार नाही.

मी वाढलो त्या वस्तीत सगळ्यांचा मिळून एक कोट आहे. विहाराच्या कमिटीनं कापड आणलं, विठामावशीनं शिवला. ज्याची मुलाखत असेल त्याच्या मापानं ती तो उसवते, टाके घालते. माणूस परत आला की कोट तिच्या पेटीत. क्लार्क, मास्तर, बँकेतला एक शिपाई – सगळे त्याच कोटातून गेले.

सहा वर्षांपूर्वी मी त्यावर लिहिलं, नांदेडच्या साप्ताहिकात. ‘एक कोट, तेवीस उमेदवार’. नोकरी खरं तर कोटालाच लागते, आत माणूस कोणता हे साहेब बघतच नाहीत – असलं काहीतरी. मी तेव्हा कॉलनीत राहायला गेलो होतो. लोक लोटपोट हसले. दोन ठिकाणी पुन्हा छापला. माझा सगळ्यात गाजलेला लेख!

८ मार्च, शनिवार

गेलो. वस्तीच्या कोपऱ्यावरून दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा मावशीनंच पाहिलं.

‘ये धम्मा. हात वर कर.’ लगेच टेप. ‘पोट लय वाढवलं बापू. बसून बसून लिहितं म्हणून का?’

म्हटलं, मावशी, तो लेख...

‘हर्षदीपनं वाचून दाखवला होता.’ हर्षदीप तिचा नातू. ‘मले तं हसू आलं, खोटं काऊन बोलू? पन मंग पोरं कोट मागाले येनंच बंद झाले. दोन साल पेटीत पडून होता. हर्षदीप नुसत्या सदऱ्यावर गेला मुलाखतीले. म्हने, आजी, लोक वळखतीन ना.’

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. हर्षदीप इचोड्याच्या ढाब्यावर गल्ल्यावर बसतो, हे मी जाता-येता बघतोच.

‘पोट सोड,’ मावशी म्हणाली. ‘तिथं काय दिवसभर आत धरून बसनार हायेस?’

१० मार्च

कोट आणला. आरशात पाहिलं. एकही सुरकुती नाही. लग्नातही इतका बरा दिसलो नव्हतो. लगेच काढून ठेवला.

१२ मार्च, बुधवार

परतीच्या बसमध्ये लिहितो आहे. 

मुलाखत घेणारे तिघे होते. मधल्या मॅडमनी कागद चाळले. कडेचे गृहस्थ मूळचे परभणीचे निघाले. ‘अहो, म्हणजे तुम्हीच ते! कोटवाले! पोट धरून हसलो होतो आम्ही घरात.’ लेख त्यांच्या फोनमध्ये होता. फोनच पुढे केला. ‘ऐकवा ना चार ओळी. मॅडमना मी हिंदीत सांगतो.’

मी वाचला. चार ओळी नाही – पूर्ण! कुठे थांबायचं, कुठे आवाज पाडायचा, सगळं जमलं. तिघेही हसले. शिकवण्याबद्दल एक प्रश्न नाही. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. ‘सच में ऐसा कोई कोट है क्या?’

बगलेत मावशीचे टाके काचत होते.

‘नहीं मॅडम. कल्पना है.’

१३ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही.

१७ मार्च, सोमवार

फोन आला. निवड झाली! शुभांगी रडली. पेढे आणले. उद्या दोघं जाऊन कोट परत करायचा, मावशीच्या पाया पडायचं – असं तिनंच ठरवलं.

संध्याकाळी चौकात हर्षदीप भेटला. त्यानं गाडी थांबवली. ‘सर, कळलं का काही?’ म्हटलं, उद्या येतोच आहे आजीकडे. ‘झालं असलं तं आजी सोडनार नाही हां! रविवारी विहारात कोट घालून पोराईपुढं उभं राहा लागते. काय काय इचारलं, तुमी काय काय सांगतलं – समदं. मी पन सुट्टी काढून येतो.’

ही रीत मला ठाऊकच नव्हती. तेवीस जणांवर लिहिलं, त्यातल्या एकाचंही रविवारी जाऊन ऐकलं नव्हतं.

१८ मार्च

मावशीला सांगितलं – नाही झालं.

शुभांगीनं पेढ्यांचा डबा हळूच पदराखाली घेतला.

‘नाही तं नाही,’ मावशी म्हणाली. ‘कोट राहू दे तुयापाशीच. पुढच्या बारीले लागन.’