दादाशिवायचा संघ

१२ ऑक्टोबर

चि. बारकीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. आपलं घर केवढंसं ते तुला ठाऊक आहे. मी कुजबुजले तरी पलीकडच्या खोलीत दादाला ऐकू जातं, आणि सध्या जे सांगायचं ते त्याच्यासमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या बास्केटबॉल संघाला नवा कोच मिळाला. दादाला कोचपदावरून काढल्यापासून क्लबवाले शोधत होते, शेवटी बाहेरगावाहून एकाला आणलंय. तरुण आहे, ताडमाड उंच आणि काडीसारखा. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बांबू ठेवलं. आता तेच लोक त्याच्या नावाचा जप करतात. माझ्या शिवणाच्या दुकानात जो येतो तो पँट आखूड करायला टाकतो आणि वर ऐकवतो, की यंदा आपण तळातून वर येणार. जणू बांबूने फुंकर मारली की आपली पोरं उडायलाच लागतील! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मी आपली गुपचूप जर्सींवर नंबर शिवते.

दादाचं तर विचारूच नकोस. इतकी वर्षं काचेच्या दुकानातून परस्पर हॉलवर जाणारा माणूस आता उजेडी घरी येतो, आणि आल्यावर काय करावं हे त्याला कळत नाही. गेल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून दुसरी काच बसवली. थंडी येते म्हणाला. थंडी कसली! त्या खिडकीतून समोरच्या हॉलचा आवाज येतो. आठवतं ना, आपण दोघी भांडी घासता घासता आरड्याओरड्यावरून स्कोअर ओळखायचो?

बोलावल्याशिवाय त्या हॉलची पायरी चढणार नाही, एवढं एकदा बोलला. कोण बोलावणार त्याला? तो मात्र वाट बघतो. दारावर कुणी आलं की आधी त्याची मान वळते. मला बघवत नाही गं.

लोभ आहेच, पत्रं मात्र वाढव.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस, बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. आमचं काम हॉटेलच्या तळघरात. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या, बाहेर ऊन आहे की ढग हेही कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या गल्लीत जाते. तिथे भिंतीवर एक गंजकी रिंग आहे आणि शेजारच्या ऑफिसातले दोघंतिघं टाय खांद्यावर टाकून खेळतात. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की मी हातातला डबा बाजूला ठेवते. डोळे मिटले की मी आपल्या मोरीपाशी असते, हाताला साबण, आणि तू सांगत असतेस, की हा आपला बास्केट.

एक विचारू? मला संघ जिंकायला हवा आहे आणि बांबू हरायला हवा आहे. दोन्ही एकदम कसं व्हायचं? तुझंही असंच होत असेल, लिहिलं नाहीस तरी.

तूच दादाला हात धरून का नेत नाहीस? पण तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी, मोडेन पण वाकणार नाही. मी तिथे असते तर त्याला ढकलतच नेला असता. नाही ना मी तिथे.

दादाला माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बारकी


२८ नोव्हेंबर

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

आज तुला हसायला येईल असं काहीतरी लिहिते. काल सामना होता. दादा आंघोळीला गेला, तो किती वेळ बाहेरच येईना. मी दोन काचांना कान लावून बसले होते. शेवटी शेवटी फार गलका झाला आणि एकदम सगळं चिडीचूप. मी ओळखलं, हरलो. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, दादासाठी जरा बरंही वाटलं. त्याला कळावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, की हरले बाई पुन्हा.

तर न्हाणीघरातून दादाचा आवाज, की हरले नाहीत, जिंकले. हरल्यावर लोक लगेच उठतात, जिन्यावर पायांचा धडधडाट होतो. आज कुणी हललं नाही, कारण जिंकायची सवय मोडलीय, कळायला वेळ लागतोय. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच हॉलमध्ये अशी काही बोंब उठली की दोन्ही काचा थरथरल्या.

घरातल्या खिडकीला काच बसवणाऱ्या या शहाण्याने न्हाणीघराचा झरोका उघडाच ठेवलाय! सबंध मोसम तो तिथे पालथ्या बादलीवर बसून सामने ऐकतोय. बाहेर आला तर अंगावर कपडे तसेच आणि केस कोरडे. मी हसले, आणि मग मोरीपाशी जाऊन रडले. त्याने मला पाहिलं आणि कोरडा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेला.

थंडीचे कपडे घालत जा. आठवण आहेच, तुझीही असू दे.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

जानेवारीपासून आपण ओळीने हरतोय. बांबूला डोक्यावर घेऊन नाचणारे आता त्याला पायदळी तुडवायला निघालेत. तो बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता, की ही पोरं कच्ची आहेत, धीर धरा. ऐकतो कोण?

काल पुन्हा सामना होता. मध्यंतरानंतर ‘घरी जा, घरी जा’ असा ओरडा सुरू झाला, बाक बडवून, तालावर. गेल्या वर्षी दादासाठी ओरडले होते तेच शब्द, तोच ताल. दोन काचांतूनही स्वच्छ ऐकू येत होतं. दादा न्हाणीघरातून बाहेर आला, पायात बूट सरकवले आणि घरच्या शर्टावर तसाच निघाला. गॅस बंद करून मी मागे धावले.

हॉलच्या दारात त्याला कुणीतरी पाहिलं. ओरडा थांबला. मग एका कोपऱ्यातून दादा, दादा सुरू झालं आणि बघता बघता सगळा हॉल तेच ओरडायला लागला. क्लबचे अध्यक्षसुद्धा उठून त्याला कोचच्या बाकाकडे बोलवायला लागले. बारके, ज्या हाकेसाठी तो वर्षभर झुरला ती हीच! तो चालत बाकापर्यंत गेला. बांबू उठला, चेहरा पांढराफटक, आणि बाजूला होऊन त्याला जागा करून दिली.

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग लोकांकडे वळून त्या जुन्या आवाजात म्हणाला, की मी सामना बघायला आलोय, ज्याला कुणाला घरी पाठवायची घाई असेल त्याने आधी आपण जावं. आणि वर जाऊन शेवटच्या रांगेत बसला. हॉल असा गार पडला की खेळणाऱ्या पोरांच्या बुटांची करकर ऐकू येत होती. सामना आपण हरलोच.

खाली दादा स्वतः लिहितोय. सोहळाच समज.

तुझी, तुला बघायला आसुसलेली,
ताई


चि. बारकीस, दादाचे आशीर्वाद.

ताईने लिहिलंच आहे, तिखटमीठ वजा करून वाच. मी काही देवमाणूस नाही. बाकापर्यंत पोचेतो मी काय करणार ते मलाच ठाऊक नव्हतं. मला तिथे बसायचं होतं. फार बसायचं होतं. पण तो पोरगा उठून उभा राहिला आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. गेल्या वर्षी मलाही कळलं नव्हतं.

सामना संपल्यावर सगळे गेले. मी बसूनच होतो. तो जिना चढून वर आला, माझ्या शेजारी बसला आणि त्याने विचारलं, की पहिल्या वर्षी मला झोप लागायची का. मी खरं ते सांगितलं, की नाही, शेवटच्या वर्षीही नाही. मग आम्ही दोघं रिकाम्या मैदानाकडे बघत बसलो. दिवे घालवायला माणूस आला तरी उठवत नव्हतं.

रजा मिळाली की ये. शेवटच्या रांगेत जागा असते.

तुझा दादा