ओव्हनमधलं हॅम

बाबा,

मी दुकान उघडायला चाललेय. हॅम ओव्हनमध्ये आहे. सारखं दार उघडून बघू नका, फक्त अकरा वाजता ओव्हन बंद करा.

आजारपणात तुमच्या तोंडाची चव गेली. गेल्या खेपेला तुमचं हॅम खारट झालं होतं, तरी सगळे ‘छान, छान’ म्हणत घटाघटा पाणी पीत होते. मीसुद्धा. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं माझं.

या वेळी ते खारवलेलं डुकराचं मांस मीठ उतरावं म्हणून दोन दिवस पाण्यात भिजवलं, पाच वेळा पाणी बदललं, कडेचा तुकडा उकळून तीनदा चाखला. मीठ अगदी बरोबर आहे, पैजेवर सांगते! काप तुम्हीच करा, तितके पातळ मला जमत नाहीत. चवीची मात्र काळजी सोडा. माझी जीभ तुम्हीच तयार केलीय.

— धाकटी