एकसष्टावा संदर्भ

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं मावशीकडून कळलं. तिला सांग, घाईने जिने चढू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलला. वर्ष झालं आपण बोललो नाही. फोन केला असता तर मी 'ठीक आहे' म्हणून ठेवून दिला असता, म्हणून पत्र.

ग्रंथालयात मी अजून प्रबंध तपासणीलाच आहे. प्रबंध वाचायचा नसतो, फक्त शेवटची संदर्भसूची बघायची. पुस्तकांचा त्रास नसतो, ती कपाटात असतात. त्रास वेबसाइटचा. लेखक कोण, पानाचं नाव काय, पत्ता काय आणि संशोधकाने ते पान कुठल्या दिवशी पाहिलं, एवढं सगळं लागतं. पान आज असतं, उद्या नसतं, म्हणून ती पाहिल्याची तारीख. मी एकेक पत्ता उघडून बघते आणि खूण करते. आमच्या साहेबांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात. लेखकाच्या नावापुढे तो नसला तर ते प्रबंध परत पाठवतात. माझ्या रजेच्या अर्जातही त्यांना दोन कमी सापडले होते.

सप्टेंबरात एका बाईंचा प्रबंध आला. पन्नाशीच्या असतील, शाळेत भूगोल शिकवतात. विषय आपल्याच गावातलं धुकं आणि धूर. साठ संदर्भ तपासून झाले. एकसष्टावा बाबांचा होता.

बाबांचं पूर्ण नाव, स्वल्पविराम, 'सकाळचे खांब', आणि तू बनवून दिलेल्या वेबसाइटचा पत्ता. सगळं बिनचूक. मी उघडून बघितलं. पान सापडत नाही, असं आलं. ते येणार हे मला माहीत होतं.

(काल इथवर लिहिलं आणि कपडे वाळत घालायला उठले. आज पुढे लिहिते.)

नियम असा आहे की पान उघडलं नाही तर संशोधकाकडून जपून ठेवलेली प्रत मागायची. मी मागितली. बाई दुसऱ्याच दिवशी जाडजूड फाइल घेऊन आल्या. एकोणीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या छापून ठेवलेल्या. रोज सकाळी सात वाजता गॅलरीतून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे दिव्याचे किती खांब दिसतात, ते. आज सात. आज तीन. आज बारा.

"आडनावावरून विचारते," बाई म्हणाल्या, "हे तुमचे कोण?"

"वडील."

त्यांनी माझा हात धरला. "एक दिवस चुकवला नाही हो त्यांनी! शाळेच्या प्रयोगशाळेतला माणूस, पण शास्त्रज्ञाला लाजवेल. माझं अख्खं चौथं प्रकरण त्यांच्या जिवावर उभं आहे. बघा ना, शेवटच्या आठ महिन्यांत खांब एकदम वाढलेत. कारखान्याने चिमणी बदलली, त्याचा हा परिणाम."

मी म्हटलं, प्रत ठेवून जा, दोन दिवसांत कळवते.

दादा, आता ते आठ महिने.

काचबिंदूने बाबांची नजर गेली आणि ते मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले, तेव्हापासून नोंद मी करत होते, हे तुला माहीत आहे. सकाळी सात वाजले की आतून हाक यायची, "किती?" मी गॅलरीत जाऊन मोजायचे, सांगायचे आणि फोनवरून टाकायचे. पहिले काही दिवस. मग मी ओट्याशी उभी राहूनच सांगायला लागले. नऊ. दहा. कधी आठ, खरं वाटावं म्हणून. एकदा त्यांनी विचारलं, "बाहेर जाऊन बघितलंस ना?" मी हो म्हटलं. दहा पावलांवर गॅलरी होती. कंटाळा आला होता, एवढंच. याहून बरं कारण मी वर्षभर शोधते आहे, सापडत नाही.

आकडे चांगले सांगितले की ते खूश व्हायचे. म्हणून आकडे चढत गेले. चिमणीने काही केलेलं नाही.

आणि शेवटचा दिवस. तेव्हा आम्ही हॉस्पिटलात होतो. आपण घरीच आहोत असं त्यांना वाटत होतं. "किती?" म्हणाले. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "बारा. सगळे दिसतायत." बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून मी तेच वेबसाइटवर टाकलं, 'आज बाराही खांब दिसले.' तू शोकसभेत ते वाचून दाखवलंस. कार्डावर त्यांच्या फोटोखाली छापलंस. लोक रडले. मी कार्डं वाटत होते.

पुढे कंपनीचा मेल आला, वेबसाइटची मुदत संपते आहे, चालू ठेवायची का? मी 'नाही' दाबलं. तुला सांगितलं, आपोआप बंद पडली. तू चिडलास. "तुला एक बटण दाबता आलं नाही?" म्हणालास. दाबलं होतं, दादा.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना जिन्याखालच्या बाकावर नेलं. म्हटलं, "शेवटचे आठ महिने माझे आहेत."

"म्हणजे तुम्ही मोजलेत?"

"नाही. मोजले नाहीत."

त्यांनी फाइलची शेवटची पानं उलटली. मग म्हणाल्या, "सुरुवातीचे काही तरी खरे असतील की. कुठल्या तारखेपर्यंत धरू?"

"ते मला आठवत नाही. माझे सगळेच काढा."

त्यांनी फाइलची क्लिप उघडली, पानं मोजून बाजूला केली आणि मला दिली. ओरडल्या नाहीत. मी तयारी करून गेले होते, तिचा काही उपयोग झाला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?" विचारत होत्या की सुनावत होत्या, ते समजलं नाही.

त्यांचं चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तोंडी परीक्षा सहा महिने पुढे गेली. त्यांचे मार्गदर्शक त्यांनाच बोलले, अशी ऐकीव माहिती कशाला घेतली म्हणून. ऐकीव नव्हती ती, एकोणीस वर्षांपैकी अठरा वर्षं तरी नाहीच. साहेबांनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या प्रबंधाची तपासणी दुसऱ्या टेबलावर दिली. योग्यच केलं.

गेल्या आठवड्यात त्या टेबलावर नवी सूची आली, ती मी नुसती पाहिली. एकसष्टावा संदर्भ तसाच आहे, बाबांच्या नावाने. पण पत्ता उघडत नाही. मी ज्या दिवशी वेबसाइट बंद केली, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आता तसंही वाटत नाही, वाईटही वाटत नाही. काम असल्यासारखं तुला लिहिते आहे.

बाबांचा कॉम्प्युटर तू नेलास, त्यात मूळ नोंदी असतील. वेबसाइट पुन्हा सुरू कर. माझे आठ महिने काढून टाक आणि खाली लिही की पुढच्या नोंदी मुलीने केल्या होत्या, त्या खऱ्या नव्हत्या. माझं नाव घाल. फोटोखालच्या ओळीचं काय करायचं ते तू ठरव. वहिनीला सांगायचं की नाही, तेही.

बाबांनी स्वतः केलेली शेवटची नोंद बाईंच्या फाइलमध्ये सापडली. तेव्हा त्यांना जेमतेम दिसत होतं, टाइप करायलाही फार वेळ लागायचा. ती इथे उतरवते, म्हणजे कुठे थांबायचं ते तुला कळेल.

'आज चार. चौथ्याची खात्री नाही.'

त्यानंतरचं सगळं जिचं आहे ती,
तुझी धाकटी