अक्काच्या भाकरीची चाके

सोलापूर, सोमवार

तीर्थस्वरूप काशम्मा अक्कास, धाकटा भाऊ चनबसप्पा याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

सिद्धरामेश्वराच्या कृपेने इकडे सारे बरे आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून निजतेस? दाजींना नमस्कार सांग. तू कुंभारीहून पाठवलेल्या कडक भाकरी पोचल्या. त्यांचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आमच्या दानूच्या शाळेत (ती आता चौथीत आहे) हल्ली धडा शिकवत नाहीत, प्रकल्प देतात. मुलाने स्वतः करून शिकावे, असा त्यामागे थोर हेतू आहे. या वेळचा विषय ‘बल आणि गती’. आपल्या गावच्या शाळेत गुरुजी छडीने बल लावत आणि गती आपोआप येई. त्याचे प्रदर्शन भरवावे लागत नसे. इथे बाईंनी ‘पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे’ असा निरोप मोबाइलवर धाडला आणि गल्लीतले सारे बाप थर्माकोल आणायला धावले. शेजारच्या सोमेशच्या वडिलांनी तर मोटार आणि दिवे लावून गाडी केली (सोमेश तेव्हा टेंभुर्णीला मामाकडे होता). मग मीही मार्गदर्शनाला बसलो. गाडी देखणी झाली, फक्त हलेना. तुझी भावजय शिवलीला म्हणाली, “मखरात बसवायची हाय का ही?”

दानूने तोवर तुझ्या भाकरींना खिळ्याने भोके पाडली, त्यांत पेन्सिली घातल्या आणि चपलांच्या खोक्याला ती चाके लावली. अन्न आणि चपलांचे खोके एकत्र, हे मला सोसवेना. मी उदबत्तीचे खोके दिले. (माझे खरे मार्गदर्शन एवढेच.) तरीही प्रदर्शनात मी माझी गाडी टेबलावर मांडली आणि तिची टेबलाखाली सरकवली. लोक काय म्हणतील, हेही एक बलच आहे.

परीक्षक आले. गाडी उतारावरून का धावते, असे विचारले की मुले बापांकडे बघत. सोमेशचे वडील गुडघ्यांवर बसून सेल बदलत होते. परीक्षक आमच्या टेबलाशी आल्यावर दानू शांतपणे म्हणाली, “ही पप्पांची हाय. ढकलली तरी जात न्हाय. माझी खाली हाय.” तिने आपली गाडी काढून तिरक्या फळीवर सोडली. फळीवर पोते अंथरले की ती हळू धावते आणि काढले की जोरात, हेही करून दाखवले. शेवटच्या खेपेला गाडी थेट परीक्षकांच्या बुटावर आदळली. बूट मागे सरला, चाक शाबूत. चाक कशाचे आहे, असे त्यांनी विचारले.

“आत्याच्या भाकरीचं की.”

अक्का, पहिले बक्षीस मिळाले. पण ते ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या गटात. दानूचा चेहरा उतरला. “आत्याची भाकरी टाकाऊ न्हाय,” असे म्हणून तिने एक चाक काढले आणि सगळ्यांसमोर चावून खाल्ले. त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. परीक्षकांनी मुकाट्याने गट बदलला. तुझ्या भाकरीचा मान माझ्या लेकीने राखला. मी मात्र ती टेबलाखाली सरकवली होती, हे पूजेला बसलो की आठवते.

दानू तुझ्या पाया पडते.

तुझा,
चन्नू

ता. क. गाडी आता जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायची आहे. उरलेली चाके अन्न वाया जाऊ नये म्हणून मी देवापुढे ठेवून आमटीत कालवून खाल्ली. (सकाळी भिजवली, रात्री खाल्ली.) तरी चार भाकरी तातडीने पाठव.

आणखी ता. क. तुझ्या नेहमीच्या पातळ, कुरकुरीत भाकरी नकोत; खिळा टेकवला की त्यांचे तुकडे होतात. गेल्या खेपेला बिघडल्या होत्या, कृपा करून अगदी तशाच बिघडव.