डबल बेलशिवाय गाडी हलत नाही

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी मोटरसायकल तपासली. मागच्या टायरला पान्याने ठोकून आवाज घेतला. सौ. ओसरीवरून म्हणाली, "ती यष्टी न्हाई. फटफटी हाय. फुटंल." तिला काय सांगायचं. एसटीचा ड्रायव्हर म्हणून सारी नोकरी टायरच्या आवाजावर काढली. ठणठणीत वाजला तर हवा आहे, बद्द वाजला तर नाही. ह्या गाडीचा मात्र रोज बद्दच वाजतो. शेवटी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मोजली. बरोबर निघाली. हे सौ.ला सांगितलं नाही.
तेल ओके. चेन ढिली. हॉर्न उत्तम.

१४ फेब्रु., शनि.
आमच्या लेकाचा, बाळूचा, पुण्याहून फोन. "अण्णा, तुमच्यासाठी गाडी ठेवून आलोय, चालवत जा." चालवतो की. पालीतून बीड, बीडातून पाली, भाजी घेऊन. पण मागची सीट अजून कोरी.
ब्रेकचा दिवा बघायला सौ.ला मागे उभं केलं.
"लाल लागला का?"
"लागला."
"आता?"
"लागला."
"आता?"
"आता भाकर करपली."

१६ फेब्रु., सोम.
शोभीच्या नव्या घराची वास्तुशांती, रविवारी, धारूरला. म्हणालो, लेकीकडे शनिवारीच जाऊ, गाडीवर. सौ. पीठ मळता मळता, "मी यष्टीनं येते. तुमी या फटफटीवर." का, म्हणून विचारलं. "तुमचं ध्यान मागं नसतंय."
वाईट वाटलं. लोकांच्या लेकीबाळी घाटातून सुखरूप पोचवल्या, कुणाला कधी खरचटलं नाही, आणि घरची बाई मागे बसायला तयार नाही. नोकरीत सणवार घरी मिळाला नाही, हिला कुठे नेलं नाही. आता वेळ आहे, गाडी आहे, तर ही तिकीट काढून जाणार. त्यात बायांना तिकीट अर्धं, म्हणजे बोलायलाच जागा नाही.

१८ फेब्रु., बुध.
तपासणी चालू. मुद्दाम तिच्यासमोर, वाकून, कण्हत. घाट चढून मांजरसुंब्यापर्यंत ट्रायल मारून आलो. ब्रेक नामी.
संध्याकाळी म्हणाली, "एवढं तर तुमी आमचं दुखनंखुपनं बी कवा तपासलं न्हाई." टोमणा की होकार, कळेना.

१९ फेब्रु., गुरु.
होकारच होता! तिची अट, गाडी हळू. माझी अट, डबल बेल. मागून एकदा वाजलं की थांबणार, दोनदा वाजलं की गाडी सोडणार. त्याशिवाय हलणार नाही. पाठीवर थाप मार म्हणालो तर, "रस्त्यानं, लोकांदेखत? येड लागलंय का?" शेवटी ठरलं, कमरेची किल्ली कॅरियरच्या दांडीवर. टण टण. अंगणात सराव घेतला. तिला हसू आवरेना. मला तर लहान पोरासारखा आनंद.

२० फेब्रु., शुक्र.
चेन घट्ट करून घेतली. आहेराची पिशवी टाकीवर बांधून बघितली. बसते.

२१ फेब्रु., शनि. धारूर.
लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.
निघताना सगळं तपासलं. टण टण झालं, निघालो. घाट मस्त चढली. नेकनूरच्या अलीकडे एक टण. थांबलो. कडेला मारुतीचं देऊळ. सौ. काहीतरी म्हणाली, हेल्मेटमध्ये ऐकू आलं नाही. मी पुढे नजर लावून बसलो, इंजिन चालू. मागचं बघणं हे कंडक्टरचं काम. शेजारून ट्रक गेला, गाडी हलली, वाटलं बसली. मग टण टण. सोडली गाडी.
काय ओढत होती गाडी! सौ.ला म्हणालो, बघ, चेन घट्ट केली त्याचा गुण. मग हवेवर बोललो, तेलावर बोललो. एकदाही मधे तोंड घातलं नाही तिनं, म्हणून आणखी खुललो.
नेकनूरला चहाला थांबलो. उतर म्हणालो. मागे कोणी नाही.
ती देवळातली घंटा होती. दर्शन घेताना तिनंच वाजवलेली. दोनदा.
गाडी वळवली. थोडं गेलो तर समोरून धारूरची बस, खिडकीत सौ. कंडक्टर दारातून ओरडला, "काका, पळू नका! तुमचं पॅसेंजर आमच्या गाडीत हाय!" सौ.नं मान फिरवली. मी पुन्हा वळून धारूरपर्यंत बसच्या मागे मागे. बस जिथे थांबली तिथे मीही थांबलो. काय करणार.

२२ फेब्रु., रवि., संध्याकाळ. धारूर.
वास्तुशांती चांगली झाली. पंगतीत सगळ्यांना बातमी पोचलेली. शोभीच्या सासूबाई वाढताना म्हणाल्या, "इवाई, सगळी बसली का बघा मागं वळून, मंग हात घाला ताटात." पंगत हसली. मीही हसलो, दुसरं काय.
सौ. कालपासून शोभीमार्फत बोलते. दुपारी एकटी सापडली तेव्हा म्हणालो, बेल तूच दिलीस ना.
"मारुतीला दिली. तुमाला न्हाई."
मग भिंतीकडे बघत, "देवळातून भाईर आले तर रस्ता रिकामा. आदी वाटलं थट्टा करायले. मंग लई भ्याले. वाटलं, पडले का काय कुटं."
मला वाटलं होतं ती चिडली आहे. ती माझ्यासाठी भ्याली होती. चुकलं माझं, म्हणालो. "हं," म्हणाली, आणि भांडी आवरायला गेली.
उद्या परत पाली. मघाशी जावयांना सकाळच्या बसची वेळ विचारत होती. मी ओसरीवरून ऐकलं. मग आतून शोभीचं हसणं ऐकू आलं. डोकावलो तर सौ. आरशासमोर, पदरावरून जावयांचं हेल्मेट चढवून, पट्टा हनुवटीखाली चाचपत.
"जावईबापू, हे उंद्या न्हेऊ का? बाळू आला की त्याच्यासंगं माघारी धाडते."
मला बघितलं तरी काढलं नाही. बसमध्ये हेल्मेट लागत नाही, हे तिला माहीत असणारच. पण विचारायची माझी हिंमत झाली नाही.