न काढलेले ॲल्युमिनियम जमा करण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
मरूबाग यंत्रसामग्री भांडार,
नफ्ता, ट्युनिशिया.

विषय : खजुरीवर चढणाऱ्या यंत्रमानवांचे उरलेले दोन बाहू आहेत तसे परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली 'वजनातील तूट' या मथळ्याची नोटीस व तिची स्मरणपत्रे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविते की, खजुरीवर चढून परागण करणाऱ्या यंत्रमानवाचे सुटे भाग मी आखते. जुना बाहू भरीव होता. त्याच्या भाराने यंत्राचा तोल जाई. म्हणून नवा आखला. भार कुठे येतो आणि बोल्ट कुठे बसतात एवढे संगणकाला सांगितले, की ज्या धातूला काही काम नाही तो संगणक चित्रातून वगळत जातो. याला टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात. शेवटी उरतो तो हाडासारखा पोकळ, वाकडातिकडा, पण पक्का आकार. तो साच्यात ओतता येत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या भुकटीचे थरावर थर देऊन तीन यंत्रांसाठी असे तीन बाहू छापून घेतले. बाहू हलका झाल्यामुळे खोड पकडणाऱ्या नख्याही बारीक केल्या.

२. आपल्या भांडारात माल वजनावर उतरवून घेतात. नवा बाहू जुन्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भरला. आपले निरीक्षक श्री. बूराउई यांनी तो उलटासुलटा करून विचारले, "अहो बाई, हा उंदरांनी कुरतडलाय की तुम्ही?" मीही हसले. मग नोटीस आली, की काढून घेतलेले ॲल्युमिनियम त्वरित जमा करावे. ते कधी अस्तित्वातच नव्हते, फक्त चित्रातून वगळले होते, असे मी लेखी कळविले. त्यावर आपले उत्तर आले : "चित्रातून काढले असल्यास चित्रासह जमा करावे."

३. यानंतर मला न कळवता तिघांपैकी एका बाहूची 'दुरुस्ती' झाली. भोकांत शिसे ओतून वजन नोंदीशी जुळविले आणि वरून रंग दिला. रंगामुळे मलाही काही दिसले नाही.

४. तो बाहू बसवलेले यंत्र परागणासाठी चढले आणि शेंड्याखाली एका नखीवर लटकून राहिले. श्री. बूराउई म्हणाले, "सरकारी माल आहे, उतरवा." ज्यांनी जन्मभर अनवाणी खजुरी चढल्या, खोडावर माणसांची साखळी करून घड हातोहात खाली पोचविले, ते तिजानीकाका पुढे झाले. मी नको नको म्हणत होते. ते म्हणाले, "पोरी, तुझं लेकरू वर अडकलंय. मी नाही आणणार तर काय हा निरीक्षक आणणार? त्याला तर उंटावर बसवायलाही चौघं लागतात!" सगळे हसले. वर चढून काकांनी हात लावताच नखी सुटली आणि यंत्र त्यांना घेऊन खाली आले. फुटलेल्या बाहूत शिसे होते. दुसऱ्या सकाळी आम्ही काकांना माती दिली.

आपला चौकशी अहवाल म्हणतो : "बाहूचे वजन नियमानुसार होते. झाडाखालील वाळू मऊ असल्याने पडणाऱ्यास गंभीर इजा संभवत नाही." महोदय, मला संताप आला आहे आणि तो अर्जाच्या भाषेत बसत नाही, याबद्दल क्षमा मागणार नाही.

५. आता उरलेल्या दोन बाहूंतही शिसे ओतण्याचा आपला आदेश निघाला आहे. फुलोरे उमलले आहेत, यंत्रे याच आठवड्यात झाडावर जातील. यंत्र अडकल्यास उतरवायला खाली उभे राहण्याचे काम तिजानीकाकांचे जावई सादोक यांना दिले आहे. त्यांनी मला विचारले, "ताई, या खेपेला काय भरलंय आत?"

सबब विनंती, की बाहूंना हात लावू नये. नियम मोडवत नसेल तर तोही मोडू नका. तुटीइतकी वाळू मी देते. बाहू आणि वाळू एकाच पारड्यात ठेवून वजन पूर्ण झाल्याची नोंद करावी. मग वाळू आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि बाहू तेवढा झाडावर जाऊ द्यावा.

अजून नम्र राहू शकलेली,
हाजर लमलूम
आरेखक, नफ्ता
दि. ३ एप्रिल

सोबत :
१. नोटीस व उत्तराची प्रत.
२. चौकशी अहवालाची प्रत.
३. वाळूच्या दोन पिशव्या. वाळू तिजानीकाका पडले त्याच जागची आहे. मऊ आहे का, ते आपण स्वतः हात घालून पाहावे.