योकोतेला लागलेला फोन

प्रिय आई,

तुला वाकून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

कंपनीने छपाईयंत्रं बनवणं बंद केलं. आता सगळा धंदा संगणकावरच्या सेवांचा. माझी नोकरी टिकली, काळजी नको. आमचे वरिष्ठ हिरानुमासाहेब म्हणाले, “तुझी बोली तिकडची. तुझ्या योकोते गावच्या गिऱ्हाइकांना तूच सांग, जुनी यंत्रं यापुढे दुरुस्त होणार नाहीत.”

फोन संगणकच लावतो, कुणाला ते आधी कळत नाही. काल पहिलाच लागला आणि पलीकडे बाबा!  कसंबसं सांगितलं. आपल्या छापखान्यात यंत्र धडधडत होतं, त्यांनी मला ओळखलंच नाही. म्हणाले, “अहो साहेब, आमचा मुलगा तुमच्याच कारखान्यात आहे. तो असं होऊ देणार नाही.”

मी फोन ठेवला.

शनिवारी येतोय. तोवर त्यांना काही बोलू नकोस.

तुझा,
शुइची